प्रेक्षकाला शूटिंग आठवत नसतं

दरवर्षी फेब्रुवारीत, फिल्म जमा करायची तारीख जवळ आली की माझ्या टेबलापाशी एक प्रसंग हमखास घडतो. मुलांचा एखादा गट रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जोडणी, दाखवायला येतो. पडद्यावर एक मुलगी जिना चढतेय. पहिला मजला, दुसरा, तिसरा. पन्नास सेकंद नुसता जिना. मी विचारते, "एवढा लांब का ठेवलाय?" दिग्दर्शक म्हणतो, "मॅडम, सतरा टेक झाले त्याचे. कॅमेरा हलू नये म्हणून गिंबल भाड्यानं आणला होता. पहाटे साडेपाचला कुठे ओके झाला."

मला त्या मुलाचं मन कळतं. तो शॉट बघताना त्याला जिना दिसतच नाही. त्याला ती पहाट दिसते, सगळ्यांनी मिळून प्यायलेला चहा दिसतो, गिंबल धरून हात भरून आलेला मित्र दिसतो. पण सभागृहात बसलेल्या माणसाला यातलं काहीच ठाऊक नाही. त्याच्या दृष्टीनं एक मुलगी जिना चढतेय, आणि चढतेच आहे. थोड्या वेळानं त्याचा हात खिशातल्या मोबाइलकडे जातो.

मी विद्यार्थ्यांना संकलन, म्हणजे टिपलेले शॉट कापून जोडणं, शिकवते. सॉफ्टवेअर त्यांना आठवड्याभरात येतं, काहींना तर माझ्यापेक्षा चांगलं येतं. वेळ लागतो तो शूटिंग विसरायला. शूटिंगच्या दिवशी काय घडलं, किती त्रास झाला, कोण रडलं, हे सगळं बाजूला ठेवून पडद्यावर आहे तेवढंच बघता आलं, की मग कट मारल्यावर बघणाऱ्याच्या मनात काय होतं ते हळूहळू दिसायला लागतं.

एक चेहरा, तीन अर्थ

कटची ताकद ज्यांनी सुरुवातीच्या काळात मुद्दाम प्रयोग करून तपासली, त्यांत विद्यार्थी होते, हे मी पहिल्याच तासाला सांगते. १९१९ साली मॉस्कोत सरकारी फिल्म स्कूल सुरू झालं. लेव कुलेशॉव तिथे शिकवायला लागला तेव्हा तो स्वतःच जेमतेम विशीचा होता. क्रांतीनंतरची यादवी चालू होती, कच्ची फिल्म मिळत नव्हती. शूटिंग करणार कशावर? मग ही मंडळी हाताशी असलेल्या जुन्या फिल्मचे तुकडे करायची, वेगळ्या क्रमानं जोडायची आणि अर्थ बदलतो का ते बघायची.

त्यातला सगळ्यात गाजलेला प्रयोग असा. इव्हान मोझ्झुखिन या त्या काळच्या लोकप्रिय नटाचा एक क्लोजअप घेतला. चेहऱ्यावर विशेष भाव नाहीत. हाच तुकडा एकदा सूपच्या वाडग्याला जोडला, एकदा शवपेटीला. तिसऱ्या जोडीबद्दल आठवणी जुळत नाहीत. कुणी खेळणारी लहान मुलगी सांगतं, कुणी कोचावर पहुडलेली स्त्री. कुलेशॉवचा विद्यार्थी पुदोवकिन, जो पुढे स्वतः मोठा दिग्दर्शक झाला, त्यानं लिहून ठेवलंय की प्रेक्षकांनी नटाच्या अभिनयाचं फार कौतुक केलं. सूप बघताना तो विचारात हरवलाय, शवपेटीसमोर दुःखी आहे, असं त्यांना दिसलं. चेहरा मात्र एकच होता.

म्हणजे भाव ना पहिल्या शॉटमध्ये होता, ना दुसऱ्यात. तो बघणाऱ्यानं दोन शॉट जोडताना स्वतः तयार केला.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी, कारण विद्यार्थी हा प्रयोग ऐकतात आणि जादूसारखा वापरायला जातात. १९९२ मध्ये स्टीफन प्रिन्स आणि वेन हेन्सली यांनी अमेरिकेत हा प्रयोग नव्यानं करून पाहिला, तेव्हा बहुतेकांना त्या कोऱ्या चेहऱ्यावर तसं काही दिसलं नाही. पुढे २०१६ मध्ये डॅनियल बॅरट आणि सहकाऱ्यांनी जास्त काटेकोरपणे केलेल्या प्रयोगात परिणाम दिसला. माझ्या अनुभवाला हे दोन्ही पटतं. दोन शॉट नुसते शेजारी ठेवले म्हणून भावना उगवत नाही. हा माणूस त्याच वस्तूकडे बघतोय, असा विश्वास आधी बसावा लागतो. नजर चुकीच्या दिशेला असेल, एकात दुपारचं ऊन आणि दुसऱ्यात ट्यूबलाइट असेल, तर प्रेक्षकाला दोन सुटी चित्रं दिसतात. जोडण्याचं काम तो आनंदानं करतो, पण धागा आपल्याला द्यावा लागतो.

कुलेशॉवच्याच वर्गातला दुसरा प्रयोग माझ्या विद्यार्थ्यांना जास्त जवळचा वाटतो. वेगवेगळ्या ठिकाणी टिपलेले तुकडे जोडून त्यांनी पडद्यावर एकच सलग जागा उभी केली. आपली मुलं दुसरं काय करतात? होस्टेलचा पॅसेज, कुणाच्या तरी मावशीच्या फ्लॅटचं दार आणि कॉलेजच्या कँटीनमागचं स्वयंपाकघर, हे सगळं मिळून फिल्ममधलं एक घर होतं. आणि बघणारा ते घर मानतो. फक्त दाराच्या एका बाजूनं डावीकडे गेलेला माणूस दुसऱ्या बाजूला उजवीकडे चालायला लागला नाही पाहिजे.

ऑइलचा डाग

आता एक प्रसंग जरा निवांत सांगते, कारण संकलनाचं जवळजवळ सगळं त्यात आहे.

एका गटाची साडेआठ-नऊ मिनिटांची फिल्म होती. शिकायला पुण्यात राहणारी मुलगी सुट्टीत गावी येते. वडील रिक्षा चालवतात. तिची फी भरायला त्यांनी रिक्षा विकलीय आणि तिला सांगितलेलं नाही. फिल्मच्या पहिल्याच मिनिटाला अंगणात उभी असलेली रिक्षा दिसते, वडील फडक्यानं काच पुसताहेत. मग मधला काळ, तिचं होस्टेल, फोन. शेवटी ती घरी येते.

पहिल्या कटमध्ये तो प्रसंग असा होता: मुलगी फाटकातून आत येते, पिशवी ठेवते, विचारते, "बाबा, रिक्षा कुठंय?" वडील म्हणतात, "विकली गं." तिच्या डोळ्यांत पाणी. बासरी सुरू. वडील तिला समजावतात, ती त्यांना समजावते. एक मिनिट चाळीस सेकंद. वर्गात दाखवला. नटांचं काम चांगलं होतं, आवाज स्वच्छ होता, तरी कुणी हललं नाही. कारण महत्त्वाची बातमी शब्दांतून आयती मिळाली होती. प्रेक्षकाला शोधायला काही उरलंच नव्हतं.

आम्ही पुन्हा सगळं फुटेज बघायला बसलो. दोन तासांहून जास्त होतं. त्यात चार-पाच सेकंदांचा एक तुकडा निघाला, जो कुणी शॉट म्हणून घेतलाच नव्हता. कॅमेरा सांभाळणारी मुलगी फोकस तपासत होती, तेवढ्यात रेकॉर्डिंग चालू राहिलेलं. अंगणातली शहाबादी फरशी, त्यावर ऑइलचा काळा डाग, आणि एवढी वर्षं रिक्षा उभी राहायची तिथे फरशीचा रंग आजूबाजूपेक्षा वेगळा.

हा एक शॉट हातात आल्यावर प्रसंग तीन प्रकारे लावून पाहिला.

पहिला क्रम: मुलगी फाटक उघडते, मग डाग, मग तिचा चेहरा. इथे जे कळतं ते प्रेक्षकाला आणि तिला एकाच क्षणी कळतं. आपण तिच्यासोबत असतो.

दुसरा क्रम: आधी डाग. वडील खराट्यानं तो घासताहेत, जात नाहीये. मग कट, मुलगी एसटीतून उतरतेय, हसतेय, स्टँडवर वडिलांसाठी पेढे घेतेय. आता आपल्याला माहीत आहे आणि तिला नाही. पेढ्याचा पुडा बघवत नाही. तिनं टाकलेलं प्रत्येक पाऊल आपल्याला लागतं, आणि त्यात अभिनयाचा वाटा फार नाही, क्रमाचा आहे.

तिसरा क्रम: मुलगी फाटक उघडते आणि थांबते. फक्त तिचा चेहरा. काय दिसलं तिला? आपल्याला माहीत नाही. घरातून वडिलांचा आवाज येतो, "आलीस? चहा टाकू?" ती अजून तिथेच बघतेय. मग डाग. मग ती म्हणते, "टाका."

मुलांनी तिसरा निवडला. "विकली गं" हे वाक्य गेलं, बासरी गेली, समजावणं गेलं. एक मिनिट चाळीस सेकंदांचे एकोणतीस सेकंद झाले.

या तिन्ही क्रमांत शॉट जवळपास तेच आहेत. बदलतंय ते एवढंच, की प्रेक्षकाला गोष्ट पात्राच्या आधी कळते, बरोबर कळते की नंतर कळते. आधी कळली तर काळजी आणि हुरहूर. बरोबर कळली तर धक्का, पण सोबतीचा. नंतर कळली तर आधी प्रश्न पडतो, आणि उत्तर प्रेक्षक स्वतः मिळवतो. माझ्या मते विद्यार्थ्यानं कुठलंही दृश्य कापायला घेण्याआधी एवढा एकच निर्णय पक्का करावा. पुढचे निम्मे कट आपोआप ठरतात. बहुतेक फसलेल्या विद्यार्थी-फिल्ममध्ये हा निर्णय घेतलेलाच नसतो. पटकथेत ज्या क्रमानं लिहिलं आणि ज्या क्रमानं शूट झालं, त्याच क्रमानं शॉट टाइमलाइनवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या शॉट ओळीनं मांडायच्या पट्टीवर, येऊन पडलेले असतात.

मग प्रश्न आला तिच्या चेहऱ्याचा. किती वेळ ठेवायचा? सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर दोन सेकंद म्हणजे ४८ फ्रेम. दोन सेकंद ठेवला तर तिला "काहीतरी दिसलं" एवढंच वाटत होतं. चार सेकंदांना तिला "कळलं" असं वाटायला लागलं. सहा सेकंदांपर्यंत नेला तर त्या मुलीची नजर क्षणभर कॅमेऱ्याच्या बाजूला सरकत होती, दिग्दर्शक कट म्हणतोय का ते बघायला. अगदी बारीक हालचाल, पण पात्र तिथे संपत होतं आणि नटी सुरू होत होती. शेवटी चार सेकंद आणि सहा फ्रेमवर कट मारला, तिची पापणी खाली यायला लागते त्याच्या किंचित आधी.

पापणीचा मुद्दा माझा नाही. वॉल्टर मर्च या अमेरिकन संकलकानं तो मांडलाय. नटाच्या पापण्या कुठे मिटतात इकडे त्याचं लक्ष गेलं आणि त्याला वाटलं की माणसाचा एक विचार पूर्ण झाला की पापणी मिटते. चांगला कट बऱ्याचदा त्याच जागेच्या आसपास पडतो. हा काही कायदा नव्हे. पण विद्यार्थ्याला मी सांगते, शॉट आवाज बंद करून बघ आणि पापणीवर लक्ष ठेव. माणूस विचार करतोय की वाक्य आठवतोय, ते तिथे लगेच कळतं.

कट खुपत का नाही

थोडं शास्त्र. आपण एका चित्रावरून झटक्यात दुसऱ्यावर जातो, प्रत्यक्ष आयुष्यात असं कधी होत नाही, तरी कट खुपत नाही. त्याचं एक कारण डोळ्यातच आहे. आपली नजर सतत उड्या मारते, सेकंदाला साधारण तीन वेळा, आणि त्या उडीतलं धूसर चित्र मेंदू आपल्याला जाणवू देत नाही. तुकडे जोडून सलग जग उभं करायची सवय आपल्याला जन्मापासून आहे. कट या सवयीच्या आधारानं चालतो.

म्हणूनच हालचालीवर मारलेला कट सगळ्यात जास्त लपतो. माणूस खुर्चीत बसायला वाकला की लांबच्या शॉटमधून कट करायचा आणि जवळच्या शॉटमध्ये तो बसताना घ्यायचा. लक्ष हालचालीमागे जातं, सांधा निसटतो. उलट, माणूस बसून झाला, स्थिर झाला आणि मग कट केला, की तो टोचतो. शूटिंगच्या वेळी दोन्ही शॉटमध्ये पूर्ण हालचाल करून घेतली असेल तरच हे जमतं, हे मुलांना एडिटवर बसल्यावर कळतं, आणि तेव्हा फार वाईट वाटतं. पुढच्या फिल्मला मात्र ही चूक कुणी करत नाही.

लाइन ओलांडण्याचंही तसंच. दोन माणसं समोरासमोर बोलताहेत. त्यांच्यामध्ये एक काल्पनिक रेषा धरायची आणि कॅमेरा सगळा वेळ तिच्या एकाच बाजूला ठेवायचा. म्हणजे एक जण कायम उजवीकडे बघतो, दुसरा कायम डावीकडे. मध्येच पलीकडून शॉट घेतला तर दोघं एकाच दिशेला बघताना दिसतात, आणि ती एकमेकांशी बोलतायत हेच क्षणभर कळत नाही. प्रेक्षकाला या नियमाचं नाव माहीत नसतं. त्याला फक्त काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं आणि तेवढ्यात एक वाक्य ऐकायचं राहून जातं.

यातलं किती उपजत आणि किती सवयीचं? यावर एक सुंदर संशोधन आहे. स्टेफान श्वान आणि सेर्मिन इल्दिरार यांनी २०१० मध्ये ते प्रसिद्ध केलं. तुर्कस्तानातल्या डोंगराळ भागात, आयुष्यात कधीच फिल्म किंवा टीव्ही न पाहिलेल्या प्रौढ माणसांना त्यांनी छोट्या चित्रफिती दाखवल्या. ज्या फितींमध्ये ओळखीचं काम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालू होतं, तिथे कट असूनही त्यांना गोष्ट कळली. जिथे असा धागा नव्हता, तिथे आपल्याला सहज कळणाऱ्या जोडण्या त्यांना अवघड गेल्या. मला यातून विद्यार्थ्यांसाठी एक फार उपयोगी गोष्ट दिसते. कृती सलग असेल तर कट माफ असतात. मुलगी चहा करतेय, तर आधण, पत्ती, गाळणं, कप, हे ओळखीचं काम चालू राहू दे. त्यात तुम्ही पंधरा कट मारा, कुणी अडखळणार नाही.

एकाच शॉटचा मधला तुकडा काढून सांधा मुद्दाम उघडा ठेवण्याची, म्हणजे जंप कटची, मुलांना फार आवड असते. त्याला माझी ना नाही. अस्वस्थ माणूस, झोप न लागलेली रात्र, यासाठी तो चपखल बसतो. फक्त मधला भाग वाईट शूट झाला म्हणून जंप कट मारला की तो तसाच दिसतो.

लॅपटॉपवर बरोबर, सभागृहात चूक

दरवर्षी एक तरी गट सांगतो, "मॅडम, लॅपटॉपवर मस्त वाटत होतं, मोठ्या पडद्यावर घाई झाल्यासारखं वाटलं." बरोबरच आहे. पंधरा इंची पडद्यावर सगळं चित्र एका नजरेत मावतं. वीस फुटी पडद्यावर डोळ्याला प्रवास करावा लागतो. कोपऱ्यातला माणूस शोधेपर्यंत शॉट संपलेला असतो. मर्च यावर एक साधा उपाय करायचा: कागदाची छोटी माणसं कापून पडद्याच्या दोन्ही बाजूंना लावायची, म्हणजे काम करताना खरा पडदा माणसाच्या तुलनेत केवढा असेल ते डोळ्यांसमोर राहतं. आमच्या एडिट रूमच्या मॉनिटरलाही एका विद्यार्थिनीनं अशी दोन माणसं चिकटवलीत. एकीनं नऊवारी नेसलीय.

याच मर्चनं कट ठरवताना काय बघावं याची सहा गोष्टींची उतरंड दिली आणि त्यांना टक्केही दिले. भावनेला ५१, गोष्टीला २३, लयीला १०, आणि उरलेल्या १६ टक्क्यांत प्रेक्षकाची नजर कुठे आहे, पडद्यावरची मांडणी, जागेची सलगता हे सगळं. टक्के शब्दशः घ्यायचे नाहीत. पण भावनेला निम्म्याहून जास्त दिलंय, यात त्याचं म्हणणं आलं. एका टेकमध्ये नटीच्या हातातला कप डावीकडे आहे, दुसऱ्यात उजवीकडे, पण दुसऱ्या टेकमध्ये तिचा आवाज खरोखर कापलाय. विद्यार्थी कप जुळणारा टेक घेतात. मी कापलेल्या आवाजाचा घ्यायला लावते. आजवर कप कुणाला दिसलेला नाही.

आवाज आधी, चित्र मागून

आवाजावर वेगळा लेख व्हायला हवा, इथे दोनच गोष्टी सांगते.

एक, आवाज आणि चित्र एकाच फ्रेमवर कापायची सक्ती नाही. होस्टेलच्या खोलीत मुलगी एकटी खिडकीत उभी आहे आणि तिच्या चेहऱ्यावरच कुकरची शिट्टी ऐकू येते. मग कट होतो आणि आपण घरच्या स्वयंपाकघरात आहोत. पुढच्या दृश्याचा आवाज दीड सेकंद आधी आला. त्या दीड सेकंदात प्रेक्षकाला तिची घराची ओढ कळते आणि कुणी एक शब्द बोललेला नसतो. याला जे-कट म्हणतात. उलटं केलं, म्हणजे मागच्या दृश्याचा आवाज पुढच्या चित्रावर रेंगाळू दिला, की तो एल-कट. टाइमलाइनवर क्लिप तशा आकाराच्या दिसतात म्हणून ही नावं. दोघांच्या संभाषणात सगळा वेळ बोलणाऱ्याचंच तोंड दाखवण्यापेक्षा आवाज चालू ठेवून ऐकणाऱ्यावर गेलात, तर तेच संवाद दुप्पट वजनाचे होतात. बोललेलं लागतंय कुणाला, ते तिथे दिसतं.

दोन, संगीत शेवटी. पहिल्या रफ कटलाच उदास पियानो टाकला की दृश्य चाललं असं वाटतं, खरं तर पियानो चाललेला असतो. संगीत बंद करून दृश्य उभं राहत नसेल तर चूक कापण्यात किंवा क्रमात आहे. आणि प्रत्येक जागी शूट संपल्यावर सगळ्यांनी गप्प उभं राहून अर्धा मिनिट नुसता तिथला आवाज रेकॉर्ड करा. पंख्याची घरघर, लांबचा रस्ता. शांतता म्हणून पूर्ण निःशब्द पट्टी टाकली तर प्रेक्षकाला स्पीकर बंद पडल्यासारखं वाटतं. खोलीची शांतता त्या खोलीतूनच आणावी लागते.

पडद्याकडे पाठ

कट काम करतोय की नाही हे टाइमलाइनवर कळत नाही. त्यासाठी माणसं लागतात, आणि शक्यतो शूटिंगला नसलेली. आम्ही कँटीनमधल्या काकांना बोलावतो, पहिल्या वर्षाच्या मुलांना बोलावतो, एकीची आजी तर आता दरवर्षी येते. फिल्म लागली की ज्यांनी ती बनवली ते पडद्याकडे बघत नाहीत. कडेला खुर्ची टाकून प्रेक्षकांकडे बघत बसतात, हातात वही. कुठे खुर्च्या कुरकुरल्या, कुठे खोकला आला, कुठे मोबाइल उजळला, कुठे सगळे एकदम स्तब्ध झाले, याची वेळ लिहायची. चुळबुळ बऱ्याचदा खऱ्या चुकीच्या थोडी नंतर होते. पाचव्या मिनिटाला लोक हलले तर घोळ चौथ्या मिनिटात शोधावा लागतो.

नंतर "आवडली का?" असं विचारायचं नाही. त्यावर सगळे हो म्हणतात. विचारायचं, "काय घडलं ते सांगा." रिक्षावाल्या फिल्मनंतर आजींनी सांगितलं, "पोरीनं बापाला विचारलंच नाही. बरं केलं." तेवढ्यावर मुलांनी कट लॉक केला, म्हणजे आता बदल नाही असं ठरवलं.

आता या सगळ्याची दुसरी बाजू, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या एका गावावर आमच्या मुलांनी माहितीपट केला. एक बाई सांगतात, रात्री दोनला उठून लाइनीत उभं राहावं लागतं, यापायी लेकीची शाळा सुटली. बोलता बोलता त्या थांबतात. तिथे कट, आणि सरपंच हसताहेत. वर्गात हा भाग लागला तेव्हा मागून कुणीतरी शिवी हासडली. इतका राग आला सगळ्यांना.

मी विचारलं, "हे हसू कधीचं?" थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग दिग्दर्शकानं सांगितलं. मुलाखत सुरू व्हायच्या आधी माइकची वायर सरपंचांच्या शर्टात अडकली होती, सगळेच हसले होते, तेव्हाचं. "पण मॅडम, परिणाम येतोय ना?" परिणाम येतच होता. मोझ्झुखिनचा चेहरा आणि शवपेटी, तेच हे. फरक एवढाच, की मोझ्झुखिन नट होता, आणि सरपंचांना उद्या त्याच गावात राहायचं होतं. प्रेक्षकाला शूटिंग आठवत नसतं, त्यामुळे ते हसू दोन तास आधीचं आहे हे त्याला कधीच कळणार नव्हतं. जे न कळण्यावर आपली सगळी कला उभी आहे, तेच वापरून इथे एका खऱ्या माणसावर खोटा आरोप होत होता. मुलगा वाईट नव्हता. त्या बाईंचं दुःख पोचावं एवढंच त्याला हवं होतं.

पुन्हा फुटेज. सरपंचांची पूर्ण मुलाखत, पहिल्यापासून. पाइपलाइनचं काय झालं, या प्रश्नानंतर ते गप्प होतात. टोपी काढतात, परत घालतात. टेबलाकडे बघतात. मग म्हणतात, "प्रस्ताव पाठवलाय." प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये अकरा सेकंद. मुलांनी हा भाग "डेड" म्हणून बाजूला टाकला होता. बाईंच्या थांबण्यानंतर तेच अकरा सेकंद लावले. मध्ये एकही कट नाही, मागे संगीत नाही, नुसता ग्रामपंचायतीतल्या पंख्याचा आवाज.

मे महिन्यात फिल्म त्या गावात दाखवली. शाळेच्या ओट्यावर पांढरं कापड बांधलं होतं. सरपंच पहिल्या रांगेत, त्या बाई तीन-चार रांगा मागे, लेकीला घेऊन. मी कडेला, लोकांकडे तोंड करून बसले होते. ते अकरा सेकंद आले तेव्हा कुणी हललं नाही. सरपंच पडद्याकडे बघत होते, आणि त्या बाई सरपंचांकडे.